फी तारखेला, केळी भावाला

फैजपूरच्या आप्पांना आपल्या सव्वाचार एकरातला एक एकर विकायचा आहे आणि त्यांच्या ताईला तो विकू द्यायचा नाही. आप्पांच्या पोरीची बारावी झाली, सीईटीचा निकाल लागला, आता केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्या सुरू होतील. पोरगी हुशार आहे याबद्दल दोघांत वाद नाही. वाद पैशाचा आहे. आप्पा केळी लावतात. ताईंची उभी नोकरी भुसावळला एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचे फॉर्म तपासण्यात गेली. हे दोघे कोणी ठरावीक भाऊ-बहीण नव्हेत. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशा कुठल्याही गावात जूनच्या संध्याकाळी ओट्यावर बसलं की ही जोडी भेटते. मी त्यांचं बोलणं एका जागी आणलं आहे आणि जिथे राहवलं नाही तिथे मध्ये तोंड घातलं आहे.

आप्पा : ताई, तू कागदावर भरोसा ठेवणारी. मले कागदाचं सांगू नको. पुण्याला कॉम्प्युटरची जागा मिळू राह्यली, मॅनेजमेंट कोट्यातून. राहणं-खाणं धरून चार वर्षांचे पंधरा-सोळा लाख. एक एकर गेला तर गेला. कर्ज नको, व्याज नको, कोणाच्या दारात उभं राहणं नको.

ताई : आणि गेलेला एकर परत येतो का?

आप्पा : पोरगी कमावती झाली की एकर काय, बंगला येईल.

ताई : झाली की. तू केळी लावताना ‘भाव मिळाला की’ म्हणतोस, तसंच ना हे?

आप्पांना हे लागलं. लागायचंच. या पट्ट्यात ‘भाव मिळाला की’ या तीन शब्दांवर लग्नं ठरतात, घरांचे स्लॅब पडतात आणि पोरांचे प्रवेशही होतात. पाच बाय पाच फुटांवर एकरात सतराशेच्या आसपास खोडं बसतात. रोप, ठिबक, खतं, मजुरी धरून आप्पा खोडामागे शंभर रुपये खर्च सांगतात, म्हणजे एकराला एक लाख सत्तर हजार. घड सरासरी वीस किलोचा धरला तर माल निघतो ३४० क्विंटल. क्विंटलला पाचशेचा भाव लागला तर हातात येतात बरोबर एक लाख सत्तर हजार, म्हणजे वर्षभर राबून शून्य. हजार लागला तर तेवढेच सुटतात. दोन हजार लागला तर पाच लाखांवर जातात. हे तिन्ही भाव आप्पांनी आपल्या बागेच्या कडेला उभं राहून ऐकलेले आहेत, आणि नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी यांचे भाव रोज वेगवेगळे असतात ते निराळंच. त्यात हा हिशेब सगळी खोडं उभी राहिली तर! मे-जूनचं वादळ कापणीला आलेली बाग अर्ध्या तासात आडवी करतं. सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर लावलेली रोपं उपटून फेकावी लागतात. फळपीक विमा आहे, पण तो हवामान केंद्रावरचा पारा आणि वारा बघतो. तुमच्या बांधावर काय झालं ते त्याला क्वचितच दिसतं.

कॉलेजच्या फीला मात्र तारीख असते. केळीचा भाव काय आहे, हे कॉलेजच्या खिडकीत कोणी विचारत नाही.

आप्पा : म्हणूनच म्हणतो ना, एकदाच विकून टाकू. केळीवर चार वर्षं फी भरायची म्हणजे दर जुलैला जीव टांगणीला.

ताई : जीव टांगणीला नको, हे बरोबर. पण त्यासाठी जी वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकली ती विकून, जी चार वर्षांनी कशी असेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही अशी वस्तू घ्यायची?

आप्पा : टिकली? तू भुसावळला राहतेस. बाबांच्या वेळी विहिरीला मोट चालायची. माझ्या ट्युबवेलचं पाणी किती खाली गेलं ते मी मोटर काढताना पाइप मोजतो तेव्हा कळतं. जमीन राहील ताई, पाणी राहील का? मग कोरडी जमीन पोराच्या हाती देण्यापेक्षा आज भाव आहे तोवर एक एकर विकून पोरीचं सोनं केलं, तर मी काय मूर्ख?

मूर्ख मुळीच नाही. वादातला हा सर्वांत जड मुद्दा आहे आणि ताई त्याला सहज उत्तर देऊ शकल्या नाहीत. यावल आणि रावेर तालुक्यांत भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आहे, ही सरकारदरबारी नोंदलेली गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीचं पाणी जिरवण्याच्या मेगा रिचार्ज योजनेची चर्चा कित्येक वर्षं चालली. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तिचा सामंजस्य करार झाला. करार झाला म्हणजे पाणी आलं असं नव्हे. तेव्हा ‘जमीन म्हणजे खात्रीची’ हे ताईंचं म्हणणंही जुन्या काळातलंच. अनिश्चित दोन्ही आहे, जमीनही आणि पदवीही. प्रश्न एवढाच उरतो की एका अनिश्चितावर दुसरं सगळंच्या सगळं लावायचं का.

ताई : बरं, पाण्याचं राहू दे. मला सांग, पोरीला मॅनेजमेंट कोट्यात कशाला घालतोस? कॅपमधून मिळेल ते कॉलेज घे.

आप्पा : कॅपमधून पुण्याचं नाव असलेलं कॉलेज नाही लागत तिला. इथलं लागेल, नाहीतर जळगावचं.

ताई : मग लागू दे. आप्पा, आठ जुलै २०२४ चा जीआर वाच. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असलं तर. पण प्रवेश कॅपमधून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात गेली की पहिल्याच दिवशी ही माफी तू स्वतःच्या हातानं फाडतोस. फुकट मिळणारी वस्तू सोडून तीच विकत घ्यायला एकर विकायचा?

आप्पा : फुकटचं कॉलेज आणि पुण्याचं कॉलेज एक कसं? कंपन्या पुण्याला येतात. फैजपूरला कोण येतं? पोरगी घरीच राहिली तर बसनं जाईल, बसनं येईल. जग कधी पाहील?

आप्पांचा हा दुसरा मुद्दाही उडवून लावण्यासारखा नाही. मोठ्या शहरात पोरीच्या आजूबाजूला वेगळी पोरं असतात, इंटर्नशिपसाठी चालत जाता येईल अशा अंतरावर ऑफिसं असतात, आणि त्याची किंमत कुठल्याच फी-पत्रकात छापलेली नसते. पण ‘फैजपूरला कोण येतं’ हे वाक्य या गावानं तरी म्हणू नये असं मला वाटतं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, डिसेंबर १९३६ चं, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली. ते इथे भरवण्यासाठी जे झटले त्या धनाजी नाना चौधरींच्या नावाचं महाविद्यालय गावात १९६१ पासून आहे. धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले. कॉलेज गावात आलं म्हणून या भागातल्या पोरींची एक अख्खी पिढी बारावीच्या पुढे गेली. त्यांना पुण्याला कोणी पाठवलं नसतं. स्वतः ताई त्यातल्याच.

ताई : मी शिकले ती ई.बी.सी.वर. बाबा वर्षाच्या सुरुवातीला तलाठ्याकडे जायचे, उत्पन्नाचा दाखला आणायचे आणि फॉर्म भरायचे. यशवंतराव चव्हाणांनी सुरू केलेली सवलत. तेव्हा ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न लागायचं, पुढे ती मर्यादा वाढत गेली. बाबांनी कधी म्हटलं नाही की फुकटचं शिक्षण हलकं.

आप्पा : तेव्हा बी.ए. झालं की नोकरी होती.

ताई : ती पण सगळ्यांना नव्हती. ते आता विसरलास.

यावर दोघं थोडा वेळ गप्प बसले. मग ताईंनी कर्जाचा विषय काढला आणि खरं भांडण तिथे सुरू झालं.

ताई : फी माफ झाली तरी राहणं-खाणं, पुस्तकं, लॅपटॉप, डेव्हलपमेंट फी हे उरतंच. जळगावला ठेवलीस तर वर्षाला लाखभर धर. तेवढ्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढ. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, मार्जिनही लागत नाही. हप्ता शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू.

आप्पा : कर्जाचं नाव काढू नको.

हा आप्पांचा हट्ट नाही, हा या मातीचा अनुभव आहे. १९३६ च्या त्याच अधिवेशनात जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला, त्यात कर्जाच्या ओझ्यातून शेतकऱ्याला मोकळं करणं हे ठळक कलम होतं. पुढे सावकार गेला, सोसायटी आली, बँक आली आणि ओझं राहिलं. बचतीचीही तीच गत. जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्था बुडाल्या तेव्हा कोणाच्या पोरीच्या लग्नाच्या, कोणाच्या पोराच्या कॉलेजच्या ठेवी पावत्यांसकट कपाटात अडकून राहिल्या. ज्यानं ठेव ठेवली तोही फसला आणि ज्यानं कर्ज घेतलं तोही पिचला, हे पाहिलेल्या माणसाला जमिनीखेरीज कशावर विश्वास बसणार? आणि तीच जमीन विकायला तो निघतो, कारण निदान तो व्यवहार रोखीचा असतो.

ताईंनी विजेच्या बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. दरवर्षी एक लाख, असे चार लाख. दहा टक्के व्याज. शिकत असताना बँक सरळ व्याज धरते. हप्ता पाचव्या वर्षाच्या शेवटी सुरू होईल असं धरलं तर पहिल्या लाखावर पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. एकूण व्याज एक लाख चाळीस हजार. मुद्दल धरून पाच लाख चाळीस हजार. हे दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सात हजार एकशेच्या घरात हप्ता. पाच वर्षांत फेडायचं तर साडेअकरा हजारांच्या आत.

ताई : पहिल्या नोकरीला वीस हजार मिळाले तरी सात हजार जातात. जड आहे, पण जीवघेणं नाही. आणि पहिल्या वर्षापासून नुसतं व्याज भरत गेलास तर सुरुवातीला महिन्याला आठशे-साडेआठशे, शेवटच्या वर्षी तेहतीसशे. असं व्याज चालू ठेवणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. एवढं तर दूध विकून निघतं.

आप्पा : आणि नोकरीच नाही लागली तर? पेपरात रोज वाचतो, कॉम्प्युटरवाल्यांना काढू राह्यले. आता म्हणे मशीनच प्रोग्राम लिहितं.

ताई : मग तू पंधरा लाखांचा कॉम्प्युटर कशाला घ्यायला निघालास?

या प्रश्नावर आप्पा हसले. मीही. वादात असा एखादाच प्रश्न येतो. नोकरीची खात्री नाही हे कारण कर्जाच्या विरुद्ध लागू पडतं, तर ते जमीन विकण्याच्या विरुद्ध चौपट लागू पडतं. कर्ज चार लाखांचं बुडालं तर चार लाखांचं दुखणं. एकर विकून घेतलेली पदवी बुडाली तर एकरही गेला, पदवीही गेली. ताईंनी ऑफिसातून हे चढउतार पाहिलेले आहेत. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. जो तो इंजिनिअर व्हायला धावला, त्या लाटेत फैजपूरलाही अभियांत्रिकी कॉलेज आलं. पुढे असाही काळ आला की राज्यभर हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या, मेकॅनिकल-सिव्हिलच्या वर्गात बाकं मोकळी पडली. आता कॉम्प्युटर सोडून कोणी दुसरं नाव घेत नाही. चार वर्षांनी कुठलं नाव चालेल ते सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे. म्हणून शाखेचा जुगार खेळायचाच असेल तर डाव लहान ठेवावा, एवढाच शहाणपणा माझ्या हाती लागतो.

आप्पा : एक गोष्ट बोलतो, रागवू नको. पोरीच्या नावावर कर्ज असलं की पुढे स्थळ बघताना काय सांगायचं? कर्ज घेऊन येणारी सून कोणाले पाहिजे?

ताई : सात हजारांचा हप्ता स्वतःच्या पगारातून भरणारी सून ज्याला नको, त्याच्या घरी आपली पोरगी द्यायची नाही. झालं.

आप्पा : झालं म्हणतेस, पण होत नाही ताई. तुले माहीत आहे.

ताईंना माहीत आहे. मुलाच्या नावावर शैक्षणिक कर्ज असलं तर तो जबाबदार ठरतो आणि मुलीच्या नावावर असलं तर ती बोजा ठरते, हे बायोडेटा चाळणाऱ्या आपल्याच लोकांनी ठरवलेलं आहे. त्याचा उपाय बँकेकडे नाही.

पण बँकेकडे एक वेगळाच प्रश्न होता, आणि तो ताईंनी शेवटी विचारला.

ताई : सोसायटीचं नवं-जुनं केलंस का यंदा? जुनं पीककर्ज भरून नवं उचललंस का?

आप्पा गप्प.

ताई : केलंस का?

आप्पा : कोणीच करू राह्यलं नाही. कर्जमाफी होईल म्हणतात.

माझ्या मते सगळा वाद इथे येऊन थांबायला हवा होता. शैक्षणिक कर्ज पोरीच्या नावावर असतं हे अर्धंच खरं. बाप त्यात सहकर्जदार असतो. बँक त्याचा सिबिल पाहते. पीककर्ज थकवलं असेल तर बापाच्या थकबाकीवर पोरीची फाइल अडते. २०१७ ची कर्जमाफी झाली, २०१९ ची झाली, दोन्ही वेळा थकवणाऱ्याला माफी आणि नियमित भरणाऱ्याला त्याहून कमी प्रोत्साहन असा हिशेब लोकांच्या डोक्यात बसला. तेव्हा माफीची वाट पाहणारा शेतकरी मूर्ख नाही, तो सरकारनंच शिकवलेला धडा गिरवतो आहे. पण ज्याच्या घरात पुढच्या वर्षी बारावी आहे त्यानं हा धडा बाजूला ठेवावा. लाखभराच्या माफीच्या आशेत चार लाखांचं स्वस्त कर्ज हातचं जातं, आणि मग एकर विकण्याखेरीज रस्ता उरत नाही. आप्पा कर्जाला नाही म्हणत होते त्यात थोडा भाग या अडचणीचा होता, असा मला दाट संशय आहे.

आता ताईंबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्यांचा कागदावरचा विश्वास जरा जास्तच आहे. फीमाफी जीआरमध्ये शंभर टक्के असते. प्रत्यक्षात महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरायचा, तो कॉलेजनं पुढे पाठवायचा, मग विभागानं मंजूर करायचा, आणि सरकारकडून पैसे यायला सत्र उलटून जातं. तोवर एखादं कॉलेज ‘आधी भरा, पैसे आले की परत देऊ’ म्हणतं. ज्याच्याकडे त्या दिवशी तीस-चाळीस हजार रोख नसतात त्याच्यासाठी ती माफी माफी नसते. वसतिगृहाच्या भत्त्याच्या योजना आहेत, पण ओबीसींच्या ‘आधार’ योजनेत जिल्ह्यामागे मोजकीच मुलं बसतात. पीएम विद्यालक्ष्मीचं कर्ज विनातारण मिळतं, पण ते देशातल्या निवडक संस्थांसाठी. आधी यादीत नाव बघायचं. पोरगी एखाद्या वर्षी मागे पडली तर सवलतीचं सगळंच गणित बिघडतं. आणि आप्पांना धाकटा मुलगा आहे. नववीत. त्याला मुलींची माफी नाही. ओबीसी म्हणून बसला तरी निम्मी फी घरची.

आप्पा : मग तूच सांग, करू काय?

ताई : कॅपचा ऑप्शन फॉर्म भरू. वर पुण्याची सरकारी आणि चांगली खाजगी कॉलेजं टाकू, लागलं तर नशीब. मधे जळगाव. खाली फैजपूर. मॅनेजमेंट कोटा नाही. सोसायटीचं नवं-जुनं या आठवड्यात कर, पैसे कमी पडले तर माझ्याकडून घे. कर्ज चार लाखांच्या आत, एकदम उचलायचं नाही, लागेल तसं वर्षाला घ्यायचं. आणि या वर्षी केळीला चांगला भाव लागला तर ते पैसे स्लॅबमध्ये घालायचे नाहीत. पडलेल्या भावाच्या वर्षासाठी ठेवायचे.

आप्पा : आणि हे सगळं करूनही नाही जमलं तर?

ताई : तर एकर आहेच. कुठे पळून जातो?

मला ताईंचा हा शेवटचा तोडगा पटतो. चांगल्या भावाचे पैसे राखून ठेवायचा सल्ला या पट्ट्यात कोणी पाळेल की नाही, याबद्दल मात्र मला शंका आहे. पोरगी जग पाहणार नाही ही आप्पांची खंतही खोटी नाही, पण त्यासाठी चौथ्या वर्षाची इंटर्नशिप पुण्यात करता येते. तिला एक एकर लागत नाही.

आप्पांनी जमिनीचं गिऱ्हाईक अजून परत पाठवलेलं नाही. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून ठेवलं आहे. ऑप्शन फॉर्म भरायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा आहे आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपली आहे. नॉन-क्रिमिलेअर होतं, पण तो कागद वेगळा. त्यात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, फीमाफीच्या दाखल्यात धरतात. जून-जुलैत तहसील कार्यालयासमोर जी रांग लागते ती निम्मी याच कारणानं. तेव्हा ज्यांची पोरं पुढच्या वर्षी बारावीला आहेत त्यांनी एप्रिलमध्येच सेतू केंद्रात जाऊन नवा दाखला काढावा, जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकावा आणि त्याच फेरीत सोसायटीत जाऊन नवं-जुनंही करून यावं.